एडिटरचा वाद

विद्यार्थी मित्रांनो, ‘एडिटर’ हा शब्द ऐकला की तुम्हांला वर्तमानपत्राचा संपादक आठवेल. उर्दूत आपण त्याला मुदीर म्हणतो. या पाठातला एडिटर मात्र माणूस नाही. तो संगणकातला एक प्रोग्रॅम आहे. संगणकाने कोणते काम कसे करायचे, हे प्रोग्रॅमर लिहून ठेवतो. ते लेखन ज्याच्यात करतात, त्याला एडिटर म्हणतात.

तुम्ही शाळेच्या संगणकावर कधी अर्ज किंवा निबंध टाइप केला असेल. तेथे अक्षर जाड करता येते, रंगीत करता येते, मध्ये चित्र टाकता येते. प्रोग्रॅम लिहिताना यातले काहीच लागत नाही. तेथे साधी अक्षरे, अंक आणि चिन्हे पुरतात. पण एक कंस किंवा एक स्वल्पविराम राहिला, तरी सगळे काम अडू शकते. शिवाय प्रोग्रॅम हजारो ओळींचा असतो. त्यात हवी ती ओळ चटकन सापडली पाहिजे, एकच नाव पन्नास ठिकाणी एकदम बदलता आले पाहिजे. दिवसाचे आठ-दहा तास हेच काम करणाऱ्या माणसाला आपला एडिटर किती जवळचा वाटत असेल, याची कल्पना करा. शिंप्याला जशी त्याची कात्री, तसा प्रोग्रॅमरला त्याचा एडिटर. आणि म्हणूनच कोणता एडिटर सर्वांत चांगला, यावर प्रोग्रॅमर लोक चाळीस वर्षांहून अधिक काळ भांडत आले आहेत. या भांडणाला ते स्वतःच गमतीने ‘एडिटर-युद्ध’ म्हणतात.

या युद्धात दोन जुने पहिलवान आहेत. एकाचे नाव ‘व्हीआय’ आणि दुसऱ्याचे ‘ईमॅक्स’. दोघांचे कामही १९७६ सालीच सुरू झाले आणि दोघेही अमेरिकेतले. एक पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्कली येथील विद्यापीठातला, तर दुसरा पूर्व किनाऱ्यावरच्या एमआयटी या संस्थेतला. त्यांचे स्वभाव वेगळे का झाले, हे कळायला आधी त्यांच्या जन्माची हकीकत पाहू या.

त्या काळाच्या थोडे आधी संगणकाला पडदाच नसे. टंकलेखन यंत्रासारखे एक यंत्र असे आणि संगणकाचे उत्तर कागदावर छापून येई. असे एक प्रसिद्ध यंत्र सेकंदाला फक्त १० अक्षरे छापत असे. केन थॉम्प्सन यांनी १९६९ च्या सुमारास युनिक्स या प्रणालीसाठी ‘ईडी’ नावाचा एडिटर लिहिला, तो याच यंत्रांसाठी. कागद आणि वेळ दोन्ही वाचवायचे, म्हणून ईडी फार कमी बोलत असे. तुमचा हुकूम त्याला समजला नाही, तर तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. चूक काय, कुठे, ते तुमचे तुम्ही शोधा! लंडनच्या एका कॉलेजातले जॉर्ज कुलूरिस यांना हे फार कठीण वाटले. त्यांनी ईडीत सुधारणा करून ‘ईएम’ नावाचा एडिटर केला. त्या नावाचा अर्थ होता, मर्त्य माणसांसाठी एडिटर. म्हणजे ईडी हा अमर देवदूतांनीच वापरावा, असा त्यांचा टोमणा होता.

हा ईएम घेऊन कुलूरिस १९७६ च्या उन्हाळ्यात बर्कलीला आले. तेथे बिल जॉय नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. त्याने ईएम पाहिला आणि त्यावरून पुढे स्वतःचा एडिटर घडवायला घेतला. त्याचेच रूप म्हणजे व्हीआय. १९७९ पर्यंत तो बर्कलीच्या युनिक्सबरोबर बाहेर पडू लागला.

आता येथे थोडे गणित करू. जॉय घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी जोडलेला असे. त्या तारेवरून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे येत. पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० अक्षरे. पूर्ण पडदा भरायला १,९२० भागिले ३०, म्हणजे ६४ सेकंद. एक पान उलटायला एक मिनिटाहून अधिक वेळ! अशा माणसाला एकेक अक्षर म्हणजे पैशासारखे मोजून खर्च करावे लागते. म्हणून व्हीआयचे हुकूम एका-दोन अक्षरांचे आहेत.

ते कसे, ते पाहा. व्हीआय उघडून तुम्ही लगेच काही टाइप करू लागलात, तर भलतेच घडते. सुरुवातीला प्रत्येक कळ हा एक हुकूम असतो. ‘एक्स’ दाबले की कर्सरखालचे अक्षर पुसले जाते. ‘डी’ दोनदा दाबले की पूर्ण ओळ जाते. आधी ‘३’ आणि मग दोनदा ‘डी’ दाबले, तर तीन ओळी जातात. ‘डी’ म्हणजे पुसणे आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द, म्हणून ‘डी-डब्ल्यू’ म्हणजे शब्द पूस. हे आपल्या व्याकरणासारखेच आहे. क्रियापद आणि नाम जोडले की वाक्य तयार. नवीन मजकूर लिहायचा असेल, तर आधी ‘आय’ दाबायचे आणि लिहून झाले की ‘एस्केप’.

कर्सर हलवायला व्हीआयमध्ये एच, जे, के आणि एल या कळा आहेत. डावीकडे एच, खाली जे, वर के आणि उजवीकडे एल. याचेही कारण साधे आहे. जॉय वापरत असलेल्या एडीएम-३ए या यंत्रावर बाणाची चिन्हे याच चार कळांवर छापलेली होती. एस्केपची कळही आज जेथे टॅबची कळ असते तेथे, म्हणजे बोटाजवळच होती. आज ती कीबोर्डाच्या कोपऱ्यात गेली आहे. यंत्र गेले, पण त्याची सवय लाखो लोकांच्या बोटांत राहिली.

आता एमआयटीकडे वळू. तेथे पडदे वेगवान होते आणि अक्षरे मोजून खर्च करण्याची गरज नव्हती. तेथे ‘टेको’ नावाचा जुना एडिटर होता. त्यात अनेक हुकुमांची मोळी बांधून तिला एक नाव देता येई. अशा मोळीला मॅक्रो म्हणतात. प्रयोगशाळेतला जो तो आपापल्या मोळ्या बांधू लागला. परिणाम असा झाला की एकाच्या यंत्रावर बसलेल्या दुसऱ्याला काही कळेना. गाय स्टील यांनी त्या सगळ्या एका जागी आणायला सुरुवात केली आणि मग रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम हाती घेऊन पुरे केले. त्यातून ईमॅक्स झाला. त्याच्या नावातच ‘एडिट’ आणि ‘मॅक्रो’ हे दोन शब्द दडलेले आहेत.

ईमॅक्समध्ये अक्षराची कळ दाबली की ते अक्षरच उमटते. हुकूम द्यायचा असेल, तर कंट्रोल किंवा मेटा नावाची दुसरी कळ दाबून धरायची. लिहिलेले जपून ठेवायचे असेल, तर कंट्रोल धरून एक्स, मग कंट्रोल धरून एस. पण ईमॅक्सचे खरे वैशिष्ट्य पुढेच आहे. तो वापरता वापरता तुम्ही तो बदलू शकता. एखादी कळ आवडली नाही, तर तिचे काम बदला. एखादी सोय नाही, तर स्वतः लिहून जोडा. त्यासाठी आजच्या ईमॅक्समध्ये लिस्प नावाची एक संपूर्ण प्रोग्रॅमिंगची भाषा दिलेली आहे. लोकांनी त्यात पत्रव्यवहार जोडला, दिनदर्शिका जोडली, खेळ जोडले. एवढेच काय, मनाचे दुखणे विचारणारा एक खोटा डॉक्टरही त्यात बसलेला आहे.

तर मुलांनो, एकीकडे थोडक्यात बोलणारा, हलका आणि जवळजवळ प्रत्येक युनिक्स यंत्रावर सापडणारा व्हीआय. दुसरीकडे हवा तसा वाढणारा, घरच घर बांधून देणारा ईमॅक्स. व्हीआयवाले म्हणतात, ईमॅक्स म्हणजे उत्तम ऑपरेटिंग सिस्टीम आहे, फक्त तिच्यात एक चांगला एडिटर घालायचा राहिला. ईमॅक्स आठ मेगाबाइट जागा खातो, अशीही एक जुनी थट्टा आहे. आज मोबाइलवरचे एक-दोन फोटो तेवढी जागा घेतात, त्यामुळे त्या थट्टेचा जीव गेला आहे. ईमॅक्सवाले उलट विचारतात, ज्याच्यातून बाहेर कसे पडायचे हेच कळत नाही, तो एडिटर कसला? हा टोला मात्र नेमका बसतो. प्रोग्रॅमरांच्या शंकांची उत्तरे देणाऱ्या स्टॅक ओव्हरफ्लो या ठिकाणी २०१२ साली कोणीतरी विचारले होते, की व्हीआयच्या सुधारलेल्या रूपातून, म्हणजे व्हिममधून, बाहेर कसे पडावे. २०१७ पर्यंत तो प्रश्न दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता! उत्तर असे आहे: एस्केप, मग कोलन, मग क्यू, मग उद्गारचिन्ह आणि शेवटी एंटर. यात केलेले बदल जपले जात नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

या वादातला कळा मोजण्याचा भाग मला फारसा पटत नाही. माझ्या एडिटरात हे काम तीन कळांत होते, तुझ्या एडिटरात पाच लागतात, असे हिशेब तासन्‌तास चालतात. प्रोग्रॅमरचा बराच वेळ कळा दाबण्यात जात नाही. तो दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात आणि विचार करण्यात जातो. दोन कळा वाचवून तो विचार लवकर होत नाही. पण बोटांच्या सवयीचा आणि दुखण्याचा भाग मात्र खरा आहे. लिस्प यंत्रांच्या कीबोर्डावर कंट्रोलची कळ स्पेसबारच्या शेजारी, अंगठ्याजवळ होती. आजच्या कीबोर्डावर ती कोपऱ्यात आहे आणि ती करंगळीने दाबावी लागते. त्यामुळे ईमॅक्स वापरणाऱ्यांची करंगळी दुखते, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. अशा काही लोकांनी एक युक्ती काढली. त्यांनी ईमॅक्सच्या आत व्हीआयच्या कळा चालतील अशी सोय जोडली. म्हणजे भांडणारे दोन्ही पहिलवान एकाच आखाड्यात, एकाच अंगरख्यात!

या वादात आणखी एक प्रश्न लपलेला आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. एडिटर कोणाच्या मालकीचा? स्टॉलमन यांनी ईमॅक्सच्या प्रती लोकांना दिल्या, तेव्हा अट एवढीच होती की कोणी सुधारणा केली तर ती परत द्यावी, म्हणजे सर्वांना मिळेल. १९८१ साली जेम्स गॉस्लिंग यांनी युनिक्ससाठी आपला वेगळा ईमॅक्स लिहिला. पुढे जावा ही भाषा घडवणारे ते हेच. आधी त्यांनीही प्रती मोकळेपणाने दिल्या. नंतर १९८३ मध्ये त्यांनी त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीला विकले. इकडे स्टॉलमन यांनी आपल्या नव्या ईमॅक्समध्ये गॉस्लिंग यांच्या कामाचा काही भाग घेतला होता. कंपनीने त्यांना तो वाटण्यास मनाई केली. तेव्हा त्यांनी तेवढा भाग पुन्हा स्वतः लिहून काढला. १९८५ साली त्यांचा ‘ग्नू ईमॅक्स’ लोकांना मिळू लागला. पुढे १९८९ साली त्यांनी एक सर्वसाधारण परवाना तयार केला. जो प्रोग्रॅम या परवान्याखाली असेल, तो कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा. पण वाटताना पुढच्या माणसालाही तोच हक्क द्यावा. आज जगातले असंख्य प्रोग्रॅम या परवान्याखाली आहेत.

व्हीआयची गोष्ट निराळी झाली. त्यात ईडीचा जुना मजकूर होता आणि ईडी एटी अँड टी या कंपनीच्या मालकीचा होता. त्यामुळे व्हीआयचा मूळ मजकूर वर्षानुवर्षे मोकळेपणाने वाटता येत नव्हता. मग लोकांनी व्हीआयसारखे वागणारे, पण नव्याने लिहिलेले एडिटर केले. त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे व्हिम. हॉलंडच्या ब्रॅम मूलेनार यांनी तो १९९१ साली प्रथम लोकांना दिला. मूलेनार १९९४ साली आफ्रिकेतल्या युगांडा देशात किबाले येथील मुलांच्या एका केंद्रात पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी गेले होते. परत आल्यावर त्यांनी व्हिमची किंमत ठेवली नाही. फक्त वापरणाऱ्याने जमल्यास युगांडातल्या मुलांसाठी मदत पाठवावी, अशी विनंती केली. व्हिम नुसता उघडला की ती विनंती आजही पडद्यावर दिसते. मूलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले. परवाना खुला असल्यामुळे त्यांच्यामागे इतरांनी काम सुरू ठेवले.

आज हे दोन्ही पहिलवान म्हातारे झाले आहेत. बहुतेक नवे प्रोग्रॅमर २०१५ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड वापरतात. त्यात माउसने काम होते आणि बाहेर पडायला कोणाला विचारावे लागत नाही. शिकणाऱ्या मुलाने अशाच एखाद्या सोप्या एडिटरने सुरुवात करावी, असे मला वाटते. व्हीएस कोड करणाऱ्यांनी २०१६ साली एक चांगले कामही केले. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. पाच एडिटर आणि दहा भाषा असतील, तर पन्नास जोडण्या. त्यांनी मध्ये एक ठरलेली बोली आणली. आता प्रत्येक एडिटरने ती बोली शिकायची आणि प्रत्येक भाषेसाठी एक मदतनीस तयार करायचा, म्हणजे पंधरा कामांत सगळे भागते. हीच बोली आज ईमॅक्स आणि व्हिमच्या घराण्यातले एडिटरही बोलतात.

आता आपल्या वहीकडे पाहा. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दू वाक्यात १९४७ हे साल आले, की आकडा मात्र डावीकडूनच लिहिता. हात हे सहज करतो. एडिटरला ते फार अवघड जाते. प्रोग्रॅमची ओळ डावीकडून सुरू होते. तिच्यात मध्येच ‘सलाम’ हा शब्द उर्दूत लिहिला, तर संगणकाच्या स्मरणात सीन पहिला आणि मीम शेवटचा असतो. पडद्यावर मात्र सीन त्या शब्दाच्या उजव्या टोकाला दिसला पाहिजे. कर्सरला ‘पुढे जा’ म्हटले, तर त्याने शब्दाच्या उजव्या टोकावर उडी मारावी आणि मग डावीकडे सरकावे. जॉयच्या यंत्रावर ‘पुढे’ आणि ‘उजवीकडे’ यांचा अर्थ एकच होता. उर्दू लिहिणाऱ्याला ते दोन वेगळे शब्द आहेत.

मराठीतही अशी एक गंमत आहे. ‘कि’ लिहिताना आपण ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या डावीकडे काढतो. स्मरणात मात्र आधी ‘क’ असतो आणि वेलांटी नंतर. एडिटरने हे ओळखून वेलांटी डावीकडे दाखवायची असते. पडद्याचे सारख्या रुंदीचे चौकोन पाडून एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवणाऱ्या जुन्या पद्धतीत आपली जोडाक्षरे नीट बसत नाहीत.

व्हिममध्ये सगळा पडदा उजवीकडून सुरू करण्याची सोय आहे. पण एकाच ओळीत दोन दिशा आल्या, तर तो स्वतः त्या सांभाळत नाही. ज्या खिडकीत तो चालतो, तिच्यावर सोडून देतो. ईमॅक्सला ही गोष्ट २०१२ साली, चोविसाव्या आवृत्तीत जमली. एली झारेत्स्की यांनी त्यासाठी पडद्यावर अक्षरे मांडणारा भाग नव्याने घडवला. असा बदल करता आला, कारण मूळ मजकूर सर्वांना वाचता आणि बदलता येत होता. यानंतर कोणी तुम्हांला आपला एडिटर सर्वांत चांगला असे सांगितले, तर त्याला एक ओळ लिहायला द्या. तिच्यात थोडा प्रोग्रॅम असू द्या, एक उर्दू शब्द, एक मराठी शब्द आणि एक आकडा. मग कर्सर कसा चालतो ते दोघे मिळून पाहा.

स्वाध्याय

१. ईडी एडिटर चुकीच्या हुकुमाला फक्त प्रश्नचिन्हाने उत्तर का देत असे?

२. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ३० ऐवजी १२० अक्षरे येऊ लागली, तर २४ ओळी आणि ८० अक्षरांचा पडदा किती सेकंदांत भरेल?

३. ‘पुढे’ आणि ‘उजवीकडे’ हे दोन शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा. उर्दू लेखनात त्यांचा अर्थ वेगळा का होतो, ते सांगा.

४. करून पाहा: संगणकावर किंवा मोबाइलवर ‘कि’ टाइप करा आणि मागे पुसण्याची कळ एकदाच दाबा. काय पुसले गेले आणि काय उरले, ते वहीत लिहा.